नव्या गाडीची कसोटी
(द्वितीय वर्ष, कला)

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण मूर्तीपेक्षाही यंत्राला अधिक लागू पडते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. कारखान्यातून रंगरंगोटी होऊन बाहेर पडलेली नवी कोरी आगगाडी पाहिली की आपल्याला वाटते, झाले, गाडी तयार झाली. पण तिचे घाव सोसणे तेथून पुढे सुरू व्हायचे असते. उतारूंना घेऊन धावण्यापूर्वी तिला महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षे परीक्षा द्यावी लागते. आगगाडीचे माहेर म्हणजे ब्रिटन. त्या देशात नव्या उतारू गाड्या कशा आल्या, त्यांची परीक्षा कशी झाली, कोण उत्तीर्ण झाले आणि कोण नापास, याची हकिकत या लेखात सांगण्याचा विचार आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीला हा विषय कसा सुचला, असे कोणी विचारील. आमचे आबा रेल्वेत गँगमन आहेत. रूळ, खडी, स्लीपर हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले. गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला औद्योगिक क्रांतीच्या धड्यात ‘रॉकेट’ या इंजिनाचे नाव आले आणि एका ओळीत संपून गेले. पुढे काय झाले, ही उत्सुकता मला ग्रंथालयात घेऊन गेली. तेथे जे वाचले आणि आबांना विचारून जे समजले, त्याची ही शिदोरी.

रेनहिलचे मैदान

नव्या गाडीची जाहीर परीक्षा घेण्याची प्रथा रेल्वेइतकीच जुनी आहे. लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन शहरांना जोडणारा लोहमार्ग १८२९ साली जवळजवळ तयार झाला होता. पण त्यावरून गाड्या ओढायच्या कशाने, याचा निर्णय होत नव्हता. ठिकठिकाणी स्थिर वाफेची यंत्रे बसवून दोरांनी गाड्या ओढाव्यात, असे म्हणणारे जाणकारही होते. तेव्हा कंपनीने ५०० पौंडांचे बक्षीस लावून चालत्या इंजिनांची स्पर्धाच जाहीर केली. ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल या गावाजवळच्या सपाट रुळांवर ही स्पर्धा झाली आणि ती पाहायला हजारो लोक जत्रेसारखे लोटले.

परीक्षेच्या अटी मोठ्या विचाराने ठरवल्या होत्या. इंजिनाने स्वतःच्या वजनाच्या तिप्पट ओझे ओढायचे, ताशी किमान १० मैलांचा वेग ठेवायचा, आणि त्याच लहानशा पट्ट्यावर पुढेमागे करीत लिव्हरपूल ते मँचेस्टर एवढे अंतर भरून काढायचे. मग पुन्हा कोळसा-पाणी घेऊन तितकेच अंतर कापायचे. एकदा जोरात पळून दाखवणे पुरेसे नव्हते. न थकता, न मोडता पळत राहायचे होते.

पाच जण उतरले. त्यांतल्या ‘सायक्लोपेड’ला तर घोडाच चालवत होता. लोकांचे लाडके ठरले ते ‘नॉव्हेल्टी’. हलके, देखणे आणि चपळ. पण ते पुन्हा पुन्हा बिघडले. टिमोथी हॅकवर्थ यांच्या ‘सां पारेल’चा दट्ट्याचा नळा फुटला. ‘पर्सिव्हिअरन्स’ला वेगच गाठता आला नाही. जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन या पितापुत्रांच्या ‘रॉकेट’ने मात्र सर्व फेऱ्या पुऱ्या केल्या आणि एका टप्प्यात ताशी सुमारे ३० मैलांचा वेग गाठला. दोरांनी गाड्या ओढण्याचा प्रश्न त्या दिवशी कायमचा मिटला.

पण या गोष्टीला एक काळी किनार आहे. १५ सप्टेंबर १८३० रोजी या मार्गाचे मोठ्या थाटात उद्घाटन झाले. वाटेत पाणी घेण्यासाठी गाडी थांबली असता लिव्हरपूलचे खासदार विल्यम हस्किसन खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून येणाऱ्या ‘रॉकेट’खाली सापडून त्याच दिवशी मरण पावले. यंत्राची परीक्षा अकरा महिन्यांपूर्वी झाली होती. पण धावत्या यंत्राच्या शेजारी माणसे कशी वागतील, याची परीक्षा कोणी घेतली नव्हती. पुढच्या साऱ्या इतिहासात हा मुद्दा पुन्हा पुन्हा वर येतो.

आपल्या महाराष्ट्राचे या जागेशी जवळचे नाते आहे. रेनहिलपासून थोड्याच मैलांवर, त्याच लोहमार्गालगत न्यूटन-ले-विलोज येथे ‘व्हल्कन फाउंड्री’ हा कारखाना उभा राहिला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली उतारू गाडी गेली, ती ओढणारी ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ ही तिन्ही इंजिने तेथेच बनलेली होती. त्या कंपनीचे विलायतेतील सल्लागार अभियंता होते रॉबर्ट स्टीफन्सन, म्हणजे ‘रॉकेट’च्या जनकांपैकीच एक! आणि आपल्या त्या पहिल्या गाडीलाही परीक्षा चुकली नव्हती. उद्घाटनाच्या काही महिने आधी, नोव्हेंबर १८५२ मध्येच, या मार्गावर चाचणीची फेरी झाली होती.

वेग वाढला की काय बिघडते?

पुढची शंभर वर्षे वेग वाढत गेला. ३ जुलै १९३८ रोजी ‘मॅलार्ड’ या वाफेच्या इंजिनाने ताशी १२६ मैलांचा (२०३ कि.मी.) विक्रम केला. तो विक्रमही वरकरणी ब्रेकच्या चाचणीसाठी काढलेल्या फेरीतच झाला. मागे जोडलेल्या मापनाच्या डब्यात कागदाच्या गुंडाळीवर वेगाची रेघ उमटत होती, म्हणून तो सिद्ध करता आला. पण विक्रम वेगळा आणि रोजचा प्रवास वेगळा. त्या धावेत ‘मॅलार्ड’च्या मधल्या दट्ट्याचा सांधा तापून खराब झाला आणि इंजिन दुरुस्तीला न्यावे लागले.

रोज इतक्या वेगाने का धावता येत नाही? याची दोन मुख्य कारणे आहेत. दोन्ही समजायला सोपी आहेत, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

पहिले कारण चाकात आहे. आगगाडीचे चाक सरळ दंडगोल नसते. आतल्या बाजूला किंचित जाड आणि बाहेरच्या बाजूला किंचित निमुळते असते. दोन कागदी पेले तोंडाला तोंड लावून चिकटवावेत आणि दोन समांतर काठ्यांच्या उतारावरून सोडावेत. पेल्यांची जोडी एका बाजूला सरकली तरी आपोआप मधोमध येते. चाकांच्या जोडीचेही तसेच. एका अंगाला सरकली की त्या बाजूचे चाक जाड भागावर चालते, जास्त अंतर कापते आणि जोडी पुन्हा मध्याकडे वळते. मात्र मध्यावर येऊन ती थांबत नाही, दुसऱ्या अंगाला जाते. मग पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. संथ गाडीत हे नागमोडी चालणे जाणवत नाही. एका ठरावीक वेगापुढे मात्र ते एकदम वाढते, डबा इकडून तिकडे आपटू लागतो, रूळ आणि चाके दोन्ही झिजतात आणि गाडी घसरण्याचीही भीती असते. पूर्वी यावर उपाय म्हणजे रूळ आणखी घट्ट करणे, चाके पुन्हा कातणे एवढाच होता. १९६० च्या दशकात ब्रिटिश रेल्वेच्या डार्बी येथील संशोधन विभागात विमान आणि क्षेपणास्त्रांच्या उद्योगातून आलेले ॲलन विकन्स आणि त्यांचे सहकारी या कोड्याच्या मागे लागले. त्यांनी त्याचे गणित मांडले आणि स्प्रिंगा व धक्काशोषक कसे बसवले असता ही नागमोडी चाल ताब्यात राहते, हे दाखवून दिले.

दुसरे कारण वळणात आहे. हे मला आबांनी समजावले. वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच ठेवतात. त्यामुळे गाडी आत कलते आणि उतारू बाहेर फेकला जात नाही. मी विचारले, मग आणखी उंच का ठेवत नाहीत? आबा म्हणाले, “त्याच रुळावरनं मालगाडी रखडत जाती, कधी सिग्नलला उभी राहती. तिचं समदं वजन आतल्या रुळावर येतं, त्याचं काय?” त्यांच्या या एका वाक्यात ब्रिटनच्या सगळ्या अडचणीचे सार आहे. तेथे जुन्या वळणावळणाच्या मार्गांवर जलद आणि संथ अशा दोन्ही गाड्या चालत होत्या. रूळ एका मर्यादेपलीकडे कलवता येत नव्हता.

जपानने १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो आणि ओसाका यांच्यामध्ये खास जलद गाड्यांसाठी नवा सरळ मार्ग सुरू केला. फ्रान्सनेही पुढे तोच मार्ग धरला. ब्रिटनपाशी नव्या मार्गासाठी पैसा नव्हता. तेव्हा डार्बीच्या लोकांनी वेगळाच विचार केला. रूळ कलवता येत नसेल तर डबाच कलवू! मोटारसायकलवाला वळणावर जसा अंग आत टाकतो, तसा डबा आपण होऊन आत कलेल. रूळ तेच, सिग्नल तेच, वेग मात्र दीडपट.

दोन भावंडे

या कल्पनेतून जी गाडी जन्मली तिचे नाव ‘ॲडव्हान्स्ड पॅसेंजर ट्रेन’, म्हणजे ए.पी.टी. तिच्यात जवळजवळ सर्वच नवे होते. डबे ९ अंशांपर्यंत कलत. जुन्या सिग्नलांच्या अंतरात थांबता यावे म्हणून धुरीच्या आत पाण्याच्या विरोधाने चालणारे ब्रेक होते. प्रायोगिक गाडीला तर विमानासारखे वायूचक्कीचे इंजिन होते. चाचणीसाठी मेल्टन मोब्रेजवळ ओल्ड डाल्बी येथे एक बंद पडलेला मार्ग राखून ठेवला गेला.

२५ जुलै १९७२ रोजी ही प्रायोगिक गाडी प्रथम मुख्य मार्गावर आली आणि लगेच वर्षभर अडकून पडली. बिघाड यंत्रात नव्हता. ड्रायव्हरच्या खोलीत एकच आसन होते. म्हणजे पुढे दोघांऐवजी एकाच माणसावर गाडी चालवणार, अशी शंका ड्रायव्हरांच्या संघटनेला आली आणि तिने या गाडीवर बहिष्कार घातला. अभियंत्यांनी चाकाचे गणित सोडवले होते, पण चाकामागच्या माणसाला विश्वासात घ्यायचे राहून गेले होते. बहिष्कार उठल्यावर गाडीने आपले तेज दाखवले. १० ऑगस्ट १९७५ रोजी स्विंडन आणि रेडिंग यांच्यामध्ये तिने ताशी १५२.३ मैल (२४५ कि.मी.) वेग गाठला. मध्यंतरी १९७३ च्या तेलटंचाईने वायूचक्कीचे इंजिन परवडेनासे झाले होते. म्हणून पुढच्या नमुन्यासाठी विजेचा मार्ग धरला गेला.

दरम्यान टेरी मिलर नावाच्या एका अनुभवी अभियंत्याने निराळा सल्ला दिला. इतके सगळे नवे एकाच गाडीत आणायला वेळ लागेल. तोवर जे आपल्याला नीट येते तेच अधिक चांगले करून एक गाडी काढू या. दोन्ही टोकांना एकेक डिझेल इंजिन, मध्ये चांगले भक्कम डबे, चाकांना तबकडीचे ब्रेक आणि ताशी १२५ मैल (२०१ कि.मी.) वेग, कलणे वगैरे काही नाही. मान्यता मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत, १९७२ साली, नमुन्याची गाडी तयार झाली. १२ जून १९७३ रोजी तिने ताशी १४३.२ मैलांचा (२३० कि.मी.) वेग गाठून डिझेल गाड्यांचा जागतिक विक्रम केला. तिच्याही चाचण्यांत ड्रायव्हरच्या आसनाचा वाद निघाला. पण वादातून धडा घेतला गेला. प्रत्यक्ष गाड्या बनवताना पुढची खोली बदलून दोघांना बसता येईल अशी केली. तिचा तो सुप्रसिद्ध निमुळता चेहरा केनेथ ग्रेंज यांनी वाऱ्याच्या बोगद्यात प्रतिकृती तपासून ठरवला.

४ ऑक्टोबर १९७६ पासून लंडनहून ब्रिस्टल आणि दक्षिण वेल्सकडे या गाड्या नियमित धावू लागल्या. पूर्वीच्या गाड्यांना ताशी १०० मैलांवरून थांबायला जेवढे अंतर लागे, तेवढ्याच अंतरात ही १२५ मैलांवरून थांबत असे. म्हणून एकही सिग्नल हलवावा लागला नाही. लोकांनी तिला ‘वन ट्वेंटी-फाइव्ह’ म्हणून डोक्यावर घेतले. तात्पुरती सोय म्हणून काढलेली ही गाडी लंडनच्या लांब पल्ल्याच्या मार्गांवर थेट २०२१ सालापर्यंत टिकली. थोरला भाऊ ध्येयवादी आणि धाकटा व्यवहारी असावा, आणि घर धाकट्याने चालवावे, तशातला हा प्रकार झाला.

डिसेंबर १९८१

थोरल्याचे काय झाले? विजेवर चालणारी ए.पी.टी. लंडन ते ग्लासगो या सुमारे ४०० मैलांच्या वळणदार मार्गासाठी तयार होत होती. डिसेंबर १९७९ मध्ये तिने ताशी १६२.२ मैल (२६१ कि.मी.) वेगाचा ब्रिटिश विक्रम केला. तो पुढे २३ वर्षे, २००३ साली युरोस्टार गाडीने मोडेपर्यंत, अबाधित होता. म्हणजे वेगाच्या पेपरात ती पहिली आली होती. पण नव्या यंत्रणा एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की एक सुधारावी तर दुसरी बिघडावी. ठरलेल्या तारखा एकामागून एक मागे पडल्या. पैसा किती घातला आणि गाडी कुठे आहे, अशी विचारणा होऊ लागली. सप्टेंबर १९८१ मध्ये फ्रान्सची पॅरिस–लियाँ जलद गाडी सुरू झाली आणि तुलना अटळ झाली.

अखेर ७ डिसेंबर १९८१ रोजी ए.पी.टी. उतारूंना आणि पत्रकारांना घेऊन ग्लासगोहून निघाली. ४ तास १४ मिनिटांत ती लंडनला पोचली. तोपर्यंत इतक्या लवकर कोणतीही नियमित गाडी पोचली नव्हती. वास्तविक ही कौतुकाची गोष्ट. पण काही जणांना प्रवासात मळमळले, आणि वर्तमानपत्रांना तेवढे पुरे होते. पुढचे काही दिवस अतिशय कडाक्याच्या थंडीचे आणि बर्फाचे होते. कलण्याची यंत्रणा अडली, ब्रेकमधले पाणी गोठले. गाडी वाटेत थांबल्याच्या बातम्या छापून आल्या, तिच्यावर व्यंगचित्रे निघाली. त्याच महिन्यात ती वेळापत्रकातून काढून घेण्यात आली.

मळमळण्याचे कारण मोठे विचित्र आहे. गाडी फार चांगली कलत होती, हाच तिचा दोष! वळणाचा धक्का तिने इतका पुरता नाहीसा केला होता की बसलेल्याच्या शरीराला वळण जाणवतच नसे. पण खिडकीतून पाहावे तर क्षितिज तिरपे होताना दिसे. डोळे म्हणत कलतो आहे, शरीर म्हणे स्वस्थ बसलो आहे. या भांडणात पोट ढवळून निघे. नंतर उपाय सापडला तो असा, की डबा थोडा कमी कलवायचा आणि वळणाचा थोडा धक्का उतारूला जाणवू द्यायचा. इतके साधे! पण ही गोष्ट मोजमापाच्या यंत्रांना कळणारी नव्हती. ती माणसांना बसवूनच कळणारी होती. ती माणसे म्हणून पहिल्याच दिवशी पत्रकार बसले, हे त्या गाडीचे दुर्दैव.

त्यानंतरची हकिकत फारशी कोणी सांगत नाही. अभियंत्यांनी दोष एकेक करून दूर केले. १९८४ साली हीच गाडी गाजावाजा न करता, वेळापत्रकात नाव न देता, जादा गाडी म्हणून पुन्हा उतारूंना नेऊ लागली आणि नीट चालली. त्याच वर्षी डिसेंबरात तिने लंडन ते ग्लासगो हे अंतर ३ तास ५२ मिनिटे ४० सेकंदांत कापले. पण तोवर तिच्या मागे उभे राहणारे कोणी उरले नव्हते. आणखी एक-दीड वर्षात ती बंदच झाली. तिचे काही पेटंट हक्क १९८२ सालीच इटलीच्या फियाट कंपनीने घेतले होते. फियाटचे अभियंते कलत्या गाड्यांवर स्वतःही काम करीत होतेच. त्यांच्या ‘पेंडोलिनो’ गाड्या युरोपभर गाजल्या, आणि २००२ साली त्याच लंडन–ग्लासगो मार्गावर पेंडोलिनो ब्रिटनमध्ये आली. आपली कल्पना परक्याच्या दारातून विकत घेऊन घरी आणावी, तसे झाले.

आजची परीक्षा

आज नवी गाडी रुळांवर येते तेव्हा तिच्या परीक्षेचे अनेक पेपर असतात. कारखान्यात उभ्या गाडीची तपासणी होते. मग राखीव मार्गावर ती धावते. जेथे ए.पी.टी. घडली तो ओल्ड डाल्बीचा मार्ग या कामी अजूनही उपयोगी पडत आला आहे. पेंडोलिनोचीही तालीम तेथेच झाली. जर्मनीत विल्डनराथ येथे सीमेन्स कंपनीचा असाच मार्ग आहे. व्हिएन्ना शहरात तर एक बोगदेवजा प्रयोगशाळा आहे. तेथे अख्ख्या डब्यावर बर्फ, पाऊस आणि वारा सोडून पाहतात. १९८१ च्या डिसेंबराची आठवण ज्यांना आहे त्यांना तिचे मोल सांगायला नको. माणसांऐवजी तेवढ्या वजनाचे ओझे डब्यात भरून ब्रेक तपासतात. ब्रिटनने रेल्वे सर्वांआधी बांधली, म्हणून तेथले बोगदे आणि फलाट आखूड अंगाचे. नवी गाडी कुठे घासत नाही ना, हेही इंचाइंचाने पाहावे लागते.

विजेच्या गाडीला आणखी एक अवघड पेपर असतो. रुळांतून सिग्नलसाठी हलका वीजप्रवाह सोडलेला असतो. गाडीची चाके रुळावर आली की तो प्रवाह चाकांतून वळतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. नव्या गाडीच्या मोटारींतून भलताच प्रवाह रुळांत उतरला आणि सिग्नलची फसगत झाली, तर अनर्थ ओढवेल. तसे होणार नाही याची खात्री पटेपर्यंत गाडीला उतारू नेता येत नाहीत. लंडनच्या एलिझाबेथ मार्गाच्या बाबतीत तर एकाच गाडीला प्रवासात तीन निरनिराळ्या सिग्नल पद्धती ओळखाव्या लागतात. तो मार्ग डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायचा होता. तो २४ मे २०२२ रोजी सुरू झाला. या उशिराला कारणे अनेक होती, त्यांत या जोडणीच्या चाचण्या हे एक मोठे कारण होते. टीका पुष्कळ झाली. तरी अपुऱ्या तयारीने गाडी काढण्याचा मोह तेथे टाळला गेला, हे मला महत्त्वाचे वाटते.

इतके करूनही पहिला दिवस दगा देतोच. ‘वन ट्वेंटी-फाइव्ह’ची जागा घ्यायला हिताची कंपनीच्या नव्या गाड्या आल्या. १६ ऑक्टोबर २०१७ रोजी त्यांतली पहिली गाडी ब्रिस्टलहून लंडनला निघाली. आत वाहतूकमंत्री बसलेले. ती ४१ मिनिटे उशिरा पोचली आणि वाटेत थंड हवेच्या यंत्रातून उतारूंच्या अंगावर पाणी गळले! मे २०२१ मध्ये तर या जातीच्या काही गाड्यांच्या सांगाड्यात बारीक भेगा आढळल्या आणि तपासणीसाठी गाड्या थांबवाव्या लागल्या. काही दिवसांत तपासून त्या पुन्हा धावू लागल्या. या वेळी कोणी गाडीच मोडीत काढा असे म्हटले नाही. चाळीस वर्षांत गाड्यांइतकीच परीक्षकांचीही थोडी प्रगती झाली, असे म्हणायला हरकत नाही.

निकालाविषयी थोडेसे

हे सगळे वाचताना ए.पी.टी.चीच गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. ‘वन ट्वेंटी-फाइव्ह’ जुन्या, जाणत्या घराण्यातली होती. तिच्या आधीच्या पिढ्यांनी बरेचसे शिकून ठेवले होते. ए.पी.टी.च्या घरात मात्र तिच्याआधी कोणी त्या वाटेने गेलेच नव्हते. चाक, ब्रेक, कलणे, सारे तिला पहिल्यांदाच शिकायचे होते, आणि तेही भर बाजारात. अशा गाडीला जास्त वेळ द्यायचा असतो. तिला तो कमी मिळाला.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्या वस्तीत माझ्यासारखी पुष्कळ मुले-मुली आहेत. माझ्याबरोबर बारावी झालेल्या दोघी मैत्रिणी पहिल्या वर्षाला एकेका विषयात राहिल्या. विषय पुढच्या परीक्षेत सुटला असता. पण ‘बघितले ना, हिला झेपत नाही’ असे घरात आणि दारात बोलले गेले, आणि त्यांचे शिक्षण तेथेच थांबले. त्यांना काय नडले? बुद्धी की घाईचा निकाल? ए.पी.टी.ची हकिकत वाचल्यापासून मला या प्रश्नाचे उत्तर सापडल्यासारखे वाटते. नापास होणे हा परीक्षेचाच भाग आहे. गाडी वर्षानुवर्षे तपासतात ती बिघडावी म्हणूनच; चाचणीत बिघडली तर तो लाभ समजतात. बिघाड कोठे आहे ते कळते, तेवढाच तो दूर करतात. माणसाच्या बाबतीत मात्र आपण पहिल्या बिघाडाला अखेरचा निकाल समजतो.

एक शेवटची नोंद. १७ जून २०२१ रोजी लंडनहून ग्लासगोला एक पेंडोलिनो गाडी मुद्दाम न थांबता सोडण्यात आली. ए.पी.टी.ने १९८४ साली नोंदवलेली वेळ मोडायची, एवढाच हेतू होता. सगळे सिग्नल मोकळे ठेवले होते. गाडीला लागले ३ तास ५३ मिनिटे १ सेकंद. सदतीस वर्षांपूर्वीची ती नापास ठरवलेली गाडी अजूनही २१ सेकंदांनी पुढे होती.

आबांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “गाडी चांगली होती म्हणायची.”